इंगळे सरांची जपानी डिव्हिजन

सर वारल्याचा फोन सलीमभाईनं केला. "कमांडर गये रे," एवढंच म्हणाला. मी दुकानातच खाली बसलो. बायको घाबरून विचारायला लागली, कोण कमांडर, कुठल्या पलटणीतला? तिला काय सांगणार? इंगळे सरांनी जन्मात लष्कराचा दरवाजा पाहिला नव्हता. अमरावतीच्या एका ज्युनिअर कॉलेजात ते फिजिक्स शिकवायचे आणि निवृत्तीनंतर तीन वर्षं जपानी हवाई दलाची एक डिव्हिजन चालवायचे. मी त्या डिव्हिजनमधला सगळ्यात कुचकामी वैमानिक.

मी त्यांचा जुना विद्यार्थी. राजापेठेत माझं कॉम्प्युटर विक्री-दुरुस्तीचं दुकान आहे. सर एका दुपारी तिथे आले. उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांचा इस्त्रीचा शर्ट आणि गळ्याचं बटण लावलेलं, अगदी कॉलेजात यायचे तसेच. हातात पेपरची रविवारची पुरवणी होती. ती त्यांनी काउंटरवर पसरली आणि एका फोटोवर बोट ठेवलं. अकोल्याचे प्राचार्य प्रभाकर मानकर मोठ्या पडद्यासमोर हसत बसले होते, हातात विमान चालवायची दांडी. 'प्राचार्यांचा आगळा छंद' असं काहीतरी शीर्षक होतं.

"हे दांडकं हाये का तुह्यापाशी?" सर म्हणाले.

"मिळेल सर. नातवासाठी?"

"नाई. मले पाह्यजे. याले पाडाचं हाये."

मला वाटलं, सर गंमत करताहेत. मग आठवलं, सर वर्गातसुद्धा कधी गंमत करत नसत.

मानकर हे नाव मला माहीत होतं. आमच्या कॉलेजातल्या सगळ्यांनाच माहीत होतं. पूर्वी दोघं एकाच कॉलेजात होते. बारावीच्या परीक्षेला नऊ नंबरच्या हॉलवर दोघांची ड्यूटी होती. भरारी पथक आलं तेव्हा खिडकीच्या कठड्यावर कॉप्यांचा गठ्ठा सापडला. मानकर त्या वेळी हॉलमध्ये नव्हतेच, खाली कुणाशी तरी फोनवर बोलत होते. आपलं हॉलबाहेर असणं झाकायला त्यांनी जबाब दिला, की मी हॉलमध्येच होतो आणि इंगळे सरांनीच मुलांना मोकळीक दिली. सर निलंबित झाले. चौकशी दोन वर्षांहून जास्त चालली आणि शेवटी 'पुराव्याअभावी' सुटका झाली. पुराव्याअभावी म्हणजे काय, ते सरांनीच मला एकदा समजावून सांगितलं होतं. "म्हंजे केलं असंन, पन सापडलं नाई."

त्या दोन वर्षांत सरांची आई गेली. ही माउली दर्यापूरच्या आठवडी बाजारात भाजी विकायची. घरचीच वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर. पोरगा अमरावतीत सर झाला तरी तिनं बाजारातली जागा सोडली नव्हती. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, माहा पोरगा सर हाये. निलंबनाची बातमी पेपरात आली. बाजारात कुणीतरी विचारलं, काय वं माय, तुह्या पोरानं कॉप्या करू देल्ल्या म्हंते? त्या दिवशी ती भाजी तशीच टोपल्यात घेऊन घरी आली आणि पुन्हा बाजारात बसली नाही. निकाल लागायच्या आधीच ती गेली. मानकर तोवर अकोल्याला मोठ्या जागेवर गेले होते.

आता त्या खेळाबद्दल थोडं सांगायला हवं. इंटरनेटवर विमानांच्या लढाईचा एक खेळ आहे. जगभरातली हौशी माणसं त्यावर दुसऱ्या महायुद्धाची मोहीम चालवतात. आमची मोहीम प्रशांत महासागरावरची होती, एका बाजूला अमेरिका आणि दुसऱ्या बाजूला जपान. दर रविवारी संध्याकाळी चकमक. साध्या खेळात मेलेला माणूस पुन्हा उठतो, इथे तसं नव्हतं. वैमानिकाला एकच जीव. तो मेला की नाव, हुद्दा, पाडलेली विमानं, पदकं, सगळं पुसलं जायचं आणि पुन्हा शिकाऊ म्हणून सुरुवात करावी लागायची. वेळेवर पॅराशूटनं उडी मारली तर मात्र जीवही वाचायचा आणि रेकॉर्डही. पॅराशूटवर लोंबकळणाऱ्या माणसावर गोळी झाडायची नाही, हा तिथला सगळ्यात मोठा नियम. झाडणारा मोहिमेतून कायमचा बाद.

मानकर अमेरिकेकडून उडायचे. नाव घेतलं होतं 'गरुड'. म्हणून सर जपानकडून उभे राहिले. आमच्यातल्या एका शहाण्यानं त्यांना ऐकवलं, सर, जपान्यांनी त्या लढाईत काय काय अत्याचार केले, वाचलं का? सर म्हणाले, "वाचलं. सारं वाचलं. पन मानकर जर का जपानात असता, तर मी अमेरिकेत गेलो असतो. मले देशाशी काय कराचं हाये?"

स्वतःसाठी त्यांनी नाव घेतलं 'हॉल नऊ'. इंग्रजी अक्षरांत ते असं काही दिसायचं, की जपानच्या बाजूच्या मुख्य कमांडरला, पोलंडच्या एका दाढीवाल्या माणसाला, ते अस्सल जपानी नाव वाटलं. या नावाचा अर्थ काय, असं त्यानं एकदा विचारलं. सरांनी लिहिलं, "जागेचं नाव आहे." ते खोटंही नव्हतं.

सुरुवातीला सर रोज पडायचे. काही येतच नव्हतं. विमान धावपट्टीवरून उठायचं आणि समोरच्या झाडात जायचं. सरांच्या पत्नी रत्नाकाकू स्वयंपाकघरातून विचारायच्या, "आज कुठी पडले?"

"समुद्रात."

"बरं. हात धुवा अन् जेवाले या."

पण फिजिक्स त्यांचंच होतं. वेग, उंची, वळण यांची गणितं त्यांनी फळ्यावर मांडली, चुकली की पुसली आणि पुन्हा मांडली. घरातल्या बैठकीत खरा फळा टांगला होता. जपानी विमानं हलकी, झटकन वळणारी, पण अंगावर चिलखत नाही. एक गोळी लागली की भडका. सर म्हणायचे, "आपलं इमान म्हंजे कपाशीची वाळेल पऱ्हाटी. काडी लागली का संपलं. म्हून मार खाचाच नाई. पहिले आपन माराचं." वर्षभरात त्यांना कुणी सहज पाडू शकेना. जपानच्या बाजूला माणसं कायम कमी असायची, कारण जळायला कोण येणार? तिथल्या एका डिव्हिजनला कमांडर नव्हता. सरांनी ती मागून घेतली आणि आम्हाला गोळा केलं. मी, बडनेऱ्याचा सलीमभाई, म्हणजे रेल्वेतला गार्ड, अकोल्याचा पवन नावाचा औषधविक्रेता आणि असेच आणखी काही. माझी तीन लेकरं आणि दुकान सांभाळून मी रविवारी जपानी व्हायचो.

सरांची डिव्हिजन वऱ्हाडीत चालायची. तीन विमानांच्या तुकडीला जपानी भाषेत काहीतरी वेगळं नाव होतं, सर तिला 'तिफण' म्हणत. पेरणीच्या तिफणीसारखी तीन विमानं एका ओळीत, थोड्या थोड्या अंतरानं. "सलीम, तिफन मोडली तुही! उजवीकडं सरक. नितीन, अबे, तू कोनाच्या वावरात चालला?" नितीन म्हणजे मी. हे सगळं हेडफोनमध्ये. बाकीच्या जपान्यांना, म्हणजे पोलंड, इंडोनेशिया आणि पुण्याच्या मंडळींना, यातलं काही समजायचं नाही. पुण्याच्या एका मुलानं विचारलं होतं, हे सर रागावले आहेत का? मी सांगितलं, नाही, हे प्रेमानं बोलून राहिले.

राग वेगळाच असायचा. तो मी एकदाच पाहिला. एका लढाईत पवनचं विमान पेटलं. समोरूनच मानकरांचं विमान येत होतं. पवन ओरडला, "सर, मी तं गेलोच. मानकरले ठोकतो! देऊ का धडक?"

"वळ," सर म्हणाले.

"सर, चान्स हाये!"

"वळ म्हनतो ना! उडी मार."

पवननं उडी मारली. नंतर सरांनी आम्हा सगळ्यांना घरी बोलावलं. काकूंनी आलूपोहे केले होते. सर खाईनात. खडूचे दोन तुकडे करून ते फळ्यापाशी उभे राहिले, जसे वर्गात राहायचे. "धडक देऊन मेलं तं त्याले बदला म्हनत नाई," ते म्हणाले. "मेल्यावर पाह्यनार कोन? ज्याच्यावर बदला घ्याचा, त्याचं तोंड पाह्यता आलं पाह्यजे. अन् अजून एक. मानकर माहा हाये. कोनी मधात याचं नाई." मग बसले आणि पोहे खाल्ले.

सरांनी मानकरांना पहिल्यांदा पाडलं तेव्हा मी त्यांच्याच तिफणीत होतो. ढगातून खाली येऊन सर इतके जवळ गेले, की मला वाटलं आदळतात. मग एकच छोटा मारा. मानकरांच्या विमानाचा पंख तुटला. आम्ही हेडफोनमध्ये नाचत होतो, तेवढ्यात पॅराशूट उघडलेलं दिसलं. मानकर वाचले. उडी मारण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. विमान पेटायच्या आधी, साथीदाराला इशारा देण्याच्याही आधी ते बाहेर असायचे. त्यामुळे त्यांचं रेकॉर्ड कधी पुसलं गेलं नाही आणि ते अमेरिकेच्या बाजूचे सगळ्यात मोठे वैमानिक झाले होते.

खाली उतरल्यावर मानकरांनी, नाव मराठी दिसलं म्हणून मराठीतच, सगळ्यांना दिसेल असं लिहिलं, "वा, सुंदर उडवता! कुठले आपण?"

दुसऱ्या दिवशी सर दुकानात आले. चहा मागवला, तो घेतला नाही. "माह्या नावावर हॉल नऊ लिवलं होतं," ते म्हणाले. "त्यानं वाचलं. अन् मले इचारते, कुठले आपन? अबे, याले तं आठवतही नाई!"

मला वाटतं, तोवर सरांचा सूड थोडा खेळातला होता. त्या दिवसापासून तो खरा झाला.

पुढे सरांनी मानकरांना बऱ्याचदा पाडलं. प्रत्येक वेळी मानकर उडी मारून वाचायचे आणि काहीतरी गोड लिहायचे. सरांनी उत्तर कधी दिलं नाही. मोहिमेच्या त्या हंगामाची शेवटची लढाई आली. ती संपली की सर्वोत्तम वैमानिकाचं नाव जाहीर होणार होतं आणि ते मानकरांचंच असणार, हे सगळ्यांना माहीत होतं.

त्या लढाईत मी नेहमीप्रमाणे लवकर मेलो. मेलेल्यांना बाकीच्यांची लढाई बघता येते, म्हणून मी सरांच्या मागे लागून होतो. एका बेटावर सरांनी मानकरांना गाठलं. मारा केला. मानकरांनी उडी मारली. पांढरं पॅराशूट उघडलं. सर पुढे निघून गेले. आणि वळून परत आले.

"सर, छत्री हाये ती," सलीमभाई म्हणाला.

पॅराशूटभोवती सरांनी एक फेरी मारली आणि सगळ्यांना दिसेल असं लिहिलं, "मानकर, मी भास्कर इंगळे. नऊ नंबरच्या हॉलचा तुझा जबाब खोटा होता. तसं इथं लिही."

साऱ्या मोहिमेचं लिहिणं थांबलं. पॅराशूट हळूहळू खाली येत होतं. सर फेऱ्या मारत होते. मी दुकानात खुर्चीवरून उठून उभा राहिलो होतो. मला खरंच वाटत होतं, की मानकरांनी लिहावं. एक ओळ. कुणाचं काय जाणार होतं?

मानकरांचं उत्तर आलं, "कोणते इंगळे? प्लीज, वैयक्तिक गोष्टी इथे नकोत."

सरांनी विमान सरळ केलं आणि पॅराशूटवर गोळ्या झाडल्या. पडद्यावर अक्षरं आली, गरुड ठार. पोलंडचा कमांडर काय काय लिहू लागला, अमेरिकेवाले शिव्या देऊ लागले. सरांनी कॉम्प्युटर बंद केला होता. काकूंनी मला नंतर सांगितलं, "उठले, हात धुतले अन् मले म्हने, भाकर वाढ. रोज एक खातेत, त्या दिशी तीन खाल्ल्या. ठेच्यासंगं."

सर मोहिमेतून कायमचे बाद झाले. डिव्हिजन सलीमभाईकडे आली. मला वाटलं, झालं, संपलं. पण काही दिवसांनी सरांचा फोन आला. "नितीन, घरी ये. मानकर आला हाये. साक्षीदार पाह्यजे मले."

गेलो. मानकर बैठकीत बसले होते. पुरवणीतल्या फोटोपेक्षा म्हातारे दिसत होते. सरांना पाहिल्यावर त्यांना सगळं आठवलं होतं, असं ते म्हणाले. नाव विसरलो होतो, चेहरा नाही. मग मुद्द्यावर आले. मोहीम चालवणाऱ्यांनी त्यांना सांगितलं होतं, की गोळी चुकून लागली असं झाडणाऱ्यानं लेखी कळवलं, तर रेकॉर्ड परत मिळेल.

"दोन ओळींचा मेल, इंगळे सर," मानकर म्हणाले. "चुकून झालं, एवढंच. किती वर्षं घातलीत हो मी त्यात! पत्नी गेल्यानंतर मला दुसरं काही नव्हतं."

"पन चुकून नाई झालं," सर म्हणाले.

"ते मला माहीत आहे. पण लिहायला काय हरकत आहे?"

मला वाटलं, सर आता ओरडतील. पण ते अगदी शांतपणे म्हणाले, "दर्यापूरले चाल माह्यासंगं. माही बहीन हाये तिथी. तिच्यासमोर सांग, तू काय केलं ते. मंग बोलू."

मानकरांनी बराच विचार केला. आणि निघाले! त्यांच्याच गाडीतून आम्ही तिघं दर्यापूरला गेलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कपाशी फुटली होती. ड्रायव्हरनं एकदा रेडिओ लावला, तो मानकरांनीच बंद करायला सांगितला.

सरांची मोठी बहीण कमलाबाई आईच्याच घरात राहायची. आता तीही सत्तरीच्या पुढची. आम्हाला पाहून नातीला हाक मारली, पाणी आण गं. सर म्हणाले, "बाई, हे मानकर सर. तुले काही सांगाचं हाये यायले."

मानकर उभेच राहिले. पहिलं वाक्य त्यांनी फार सुंदर सुरू केलं, गैरसमज, परिस्थिती वगैरे. सर मध्येच म्हणाले, "साधं बोल." मानकर थांबले. मग म्हणाले, "मी खोटी साक्ष दिली. मी हॉलमध्ये नव्हतो. नोकरी जाईल म्हणून घाबरलो. इंगळे सरांनी काही केलं नव्हतं."

कमलाबाईनं ऐकून घेतलं. "तुमी घाबरले," ती म्हणाली. "माही माय त्या दिवसापासून घराबाहेर नाई निंगाली. मरतखेपी मले म्हने, भास्करनं खरंच केलं का वं? मी म्हनलं, नाई माय. पन तिले पटलं का नाई, मले मालूम नाई." नात पाण्याचे पेले घेऊन आली. कमलाबाईनं सरांना आणि मला पेले दिले. तिसरा पेला तिनं तसाच परत पाठवला. "घेऊन जाय आतमंदी."

वऱ्हाडात दारी आलेल्या वैऱ्यालाही पाणी देतात. मानकर बघत राहिले त्या पेल्याकडे. मला त्यांची कीव आली, हे सरांना मी कधी सांगितलं नाही. माझा पेला मात्र मी तसाच खाली ठेवला. सरांनी आपला पेला सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत रिकामा केला.

परत आलो. सरांच्या फाटकाशी गाडी थांबली. मानकरांनी विचारलं, "मग मेल आज लिहिताय ना?"

"नाई."

"अहो, तुम्ही शब्द दिलात!"

"मंग बोलू, असं म्हनलं होतं. आता बोलतो. चुकून नाई मारलं, पाहून मारलं. तुह्यासाठी खोटं लिवनार नाई."

मानकरांचा चेहरा लाल झाला. "म्हणजे तुम्ही नुसता सूड घेतलात माझ्यावर."

"व्हय," सर म्हणाले. "मंग तुले काय वाटलं?" आणि फाटक लावून घेतलं.

यानंतर सर बदलले, नरम झाले, असं मला सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. तसं काही झालं नाही. रविवारी संध्याकाळी ते फिरायला जायला लागले. फळा मात्र उतरवला आणि शेजारच्या शिकवणीवाल्या बाईंना देऊन टाकला. काकू म्हणायच्या, आता झोपेत बडबडत नाईत. मानकर मोहिमेत पुन्हा शिकाऊ म्हणून आले होते. सलीमभाईनं ती बातमी सरांना दिली, तर म्हणाले, "येऊ दे. पाडा कोनीबी. माहं झालं."

मग काकूंची तब्येत बिघडली आणि दोघं नागपूरला मुलीकडे राहायला निघाले. बडनेरा स्टेशनावर मी आणि सलीमभाई पोचवायला गेलो होतो. सरांना मी शेवटचं पाहिलं ते तिथेच. काकूंना बाकावर बसवलं होतं. गाडीला वेळ होता. मला राहवलं नाही. विचारलं, "सर, मानकरले माफ केलं का कधी? मनातल्या मनात तरी?"

सरांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी वर्गात चुकीचं सूत्र लिहिलं आहे. "काहून करू?" म्हणाले. "त्यानं माफी मागतली कुठी? त्यानं तं रेकॉर्ड मागतलं."

गाडी आली. फलाटावर गर्दी होती, सरांच्या डब्यात मात्र कमी. सलीमभाईनं काकूंना हात धरून चढवलं, मी बॅगा दिल्या. सरांच्या खिडकीजवळच्या जागेवर एक धिप्पाड तरुण कानात वायर घालून बसला होता. आम्ही खालून बघत होतो. सरांनी त्याला खांद्याला हात लावून उठायला सांगितलं. तो म्हणाला असावा, काका, तिकडे बसा ना, सगळं रिकामं आहे. खरंच समोर जागा रिकामी होती. सर बसले नाहीत. तिकीट त्याच्या नाकासमोर धरून तसेच उभे राहिले. गाडी हलली. तरुण चडफडत उठला. सर खिडकीशी बसले, गळ्याचं बटण चाचपलं आणि आमच्याकडे न पाहता त्या मुलालाच काहीतरी समजावून सांगायला लागले.